फौजदाराचं पाणी

“पाणी किती पितो?” डॉक्टरांनी विचारलं.

“आता फारसं नाही,” मी म्हणाले. “आम्हीच बंद केलंय.”

डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट वाचत होते. तो त्यांनी टेबलावर ठेवला. “बंद केलंय म्हणजे?”

मी सगळं सांगितलं. आमचा बोका घरभर मुततो, माझे शिवणाचे कपडे खराब करतो, म्हणून दुपारच्या जेवणानंतर त्याची पाण्याची वाटी उचलून ठेवते. पिंपावर झाकण आणि झाकणावर वरवंटा. खरं सांगते, हे सांगताना मला थोडी शाबासकीच हवी होती. तीन आठवडे मी हा बंदोबस्त नेटाने पाळला होता.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “वहिनी, ह्याला क्रॉनिक रीनल फेल्युअर आहे. म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू, बरेच महिने, निकामी होत आलीत. त्यांना आता लघवी घट्ट करता येत नाही. शरीरातलं पाणी नुसतं वाहून जातं. ते भरून काढायला तो सारखा पीत होता. त्या पाण्यावरच तो उभा होता.”

फौजदार माझ्या मांडीवर, भाजीच्या टोपलीत पडला होता. वरून जुन्या साडीचा तुकडा बांधला होता. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तुमच्या घरात म्हातारं मांजर असेल आणि ते अचानक फार पाणी प्यायला लागलं असेल, तर इथपर्यंत वाचून थांबलात तरी चालेल. वाटी भरून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पुढचं मी माझ्या मनासाठी लिहिते आहे.

ही शहाण्णव सालातली गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. घरात मी, माझे यजमान आणि सासूबाई. मुलगी लग्न होऊन गेली होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, त्यांच्या जुन्नरकडे तशीच रीत. हे फॅक्टरीत पाळीने जायचे आणि मी घरी मशीनवर पॅंटी शिवायचे. कापलेल्या कापडाचे गठ्ठे उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या एका सिंधी शेठकडून यायचे आणि शिवून परत जायचे.

फौजदार सोळा वर्षांचा होता. मुलगी शाळेत असताना फ्रॉकच्या ओच्यातून त्याला घेऊन आली होती. अंग पांढरं, पाठीवर करडे पट्टे आणि नाकाखाली काळी मिशी. सकाळ-संध्याकाळ चाळीच्या कठड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालायचा, म्हणून हे नाव. हप्ताही घ्यायचा. एका दारात दूध, दुसऱ्या दारात बोंबलाचं डोकं, आणि मग घरी येऊन सकाळपासून उपाशी असल्यासारखा माझ्याकडे बघायचा.

दिवाळीनंतर त्याचं पाणी वाढलं. आम्हाला वाटलं, चांगलंच आहे. अंग वाळत होतं, पण म्हातारपण म्हटल्यावर ते आलंच. मग त्याला बाहेर जाईपर्यंत धीर निघेना. आधी मोरीत, मग पायपुसण्यावर, आणि एक दिवस शिवून ठेवलेल्या गठ्ठ्यावर. मला ते कळलं शेठकडे गेल्यावर. त्यांनी एक पॅंट नाकाशी धरली आणि लांब केली. “भाभी, माल से बू आ रही है. पार्टी वापस भेजेगी तो मैं क्या बोलूँ?” माणूस वाईट नव्हता, पण पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देईन, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी गठ्ठा परत आणला, सगळा धुतला, वाळवला, इस्त्री केली. त्यात दोन दिवस गेले आणि कंबर गेली.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी उपाय सांगितला. “दिवेलागणीनंतर पानी बंद कर. माझी चारी पोरं गादी ओली करायची, आशीच सुधारली.”

त्यांचा उपाय संध्याकाळपुरता होता. फरक पडला तसा मला हुरूप आला आणि मी तो दुपारवर आणला. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढे बरीच वर्षं मी सगळ्यांना सांगताना “सासूबाईंनी सांगितलं म्हणून” एवढंच सांगायचे.

कपडे कोरडे राहिले. फौजदार मात्र मोरीत जाऊन बसायला लागला. नळाला चार-पाच तासच पाणी, त्यामुळे दुपारी मोरीतल्या नळाला थेंब नसायचा. तो ओली फरशी चाटायचा. माठाच्या बुडाशी पाझर असतो, तो चाटायचा. एकदा भांडी घासल्याचं राखेचं पाणी पिताना सापडला. मी हाड्‌ म्हणून हाकलला. मशीनवर बसले की तो माझ्या पायाशी येऊन तोंड वर करायचा, आवाज मात्र निघायचा नाही. मी म्हणायचे, “बाबा रे, मला काम आहे.”

मग उलट्या सुरू झाल्या. तोंडाला घाण वास, खाणं बंद. तेव्हा कुठे ह्यांनी स्कूटर काढली.

मांजराचे डॉक्टर मुंबईला असतात असं ऐकून होतो. आमच्या भागात गुरांचा दवाखाना होता, बदलापूरला. बसायला चिंचेखालचा पार. समोर म्हशी उभ्या करायचा लोखंडी खोडा. पहिल्या दिवशी आमच्या पुढे बारवी धरणाकडचा एक म्हातारा होता, बैल घेऊन आलेला. बैलाचं खूर सडलं होतं. टोपलीत काय आहे ते त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, “मांजार? मांजराला कुनी दवाखान्यात आनतात काय, बाय?” आजूबाजूचे हसले. मीही हसले. मलाही तेव्हा ते जरा जास्तच वाटत होतं.

डॉक्टर तरुण होते, त्यांनीही मोकळेपणाने सांगितलं, “मी दिवसभर म्हशी बघतो. मांजर महिन्यातून एखादं.” पण त्यांनी फौजदाराला टोपलीतून काढलं ते दोन्ही हातांनी, हळूच. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. “डिहायड्रेशन,” ते म्हणाले, “म्हणजे अंगातलं पाणी आटलंय.” पायातून रक्त काढलं आणि बाटली ह्यांच्या हातात दिली. जनावरांचं रक्त तपासायची सोय तिथे नव्हती. उल्हासनगरात माणसांची लॅब होती, तिथे त्यांच्या चिठ्ठीवर करून देणार होते.

तिथे एक गंमत झाली. त्या सगळ्या महिन्यांत हसू यावं अशी ती एकच गोष्ट. चिठ्ठीवर नाव फौजदार आणि वय सोळा एवढंच होतं. हे रिपोर्ट आणायला गेले तेव्हा लॅबवाला खुर्चीतून उठलाच. “लड़का कहाँ है आपका? घर पे? पागल हो क्या, अभी के अभी एडमिट करो!” ह्यांनी सांगितलं, लडका नाही, बोका आहे. लॅबवाला मटकन बसला. रिपोर्टवर मात्र ‘मास्टर फौजदार’ असंच छापून आलं होतं. त्यात क्रिएटिनिन नावाचा आकडा होता. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक कचरा, जो मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा असतो. तो आठपट वाढला होता.

तो रिपोर्ट घेऊन आम्ही पुन्हा बदलापूरला गेलो, आणि सुरुवातीला लिहिलं ते बोलणं झालं.

“आम्ही पाणी तोडलं नसतं तर?” मी विचारलं.

“रोग होताच. बरा झाला नसता,” डॉक्टर म्हणाले. “पण इतक्या लवकर इथवर आला नसता.” ते खोटं बोलतील याची मी वाट बघत होते आणि ते खोटं बोलले नाहीत. त्यांचा तेव्हा राग आला. आता उपकार वाटतात.

परत येताना चिखलोलीपाशी मी ह्यांना स्कूटर थांबवायला लावली. तिथे तेव्हा दोन्ही बाजूंना शेतंच होती. बाटलीच्या झाकणात पाणी ओतून मी फौजदारापुढे धरलं. तो प्यायला, संपलं, पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायला. मला मिनतवारी करायला न लावता, रुसवाफुगवा न करता प्यायला. मला तेच सहन झालं नाही. रस्त्याच्या कडेला बसून मी रडले आणि हे हेल्मेट हातात घेऊन उभे राहिले.

मग सलाईन सुरू झालं. मांजराला ते शिरेतून देत नाहीत, सब-क्यूटेनिअस देतात, म्हणजे कातडीखाली. डॉक्टरांनी मला शिकवलं. बाटली कोमट पाण्यात ठेवायची. मानेमागची कातडी उचलून तिचा तंबू करायचा आणि सुई तंबूच्या दारातून आत घालायची. पाणी कातडीखाली साठतं, पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो आणि तासाभरात जिरतो. जन्मभर सुईवर पोट भरलेली बाई मी, पण पहिल्या दिवशी सुई माझ्याच बोटात गेली.

बाटली टांगायला शिवलेल्या पॅंटी अडकवायची दांडी होती. दिवसाआड सलाईन. सकाळी उलटीची गोळी. खाण्याला मऊ भात आणि त्यात अंड्याचा पांढरा भाग. बोंबील, सुकट बंद, मिठाचं काहीच नाही. डॉक्टरांनी फिनेलही बंद करायला सांगितलं. फरशीवरचं फिनेल मांजराच्या पायाला लागतं, ते पाय चाटतं आणि विष पोटात जातं. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते.

गठ्ठे आता मी पलंगावर, प्लास्टिकच्या कापडात बांधून ठेवायला लागले. इतकं सोपं होतं ते. आधी सुचलं नाही.

असे अडीच महिने गेले. त्या दिवसांचं वेगवेगळं काही आठवत नाही. वर्तमानपत्रं अंथरायची, ओली उचलायची, फरशी पुसायची, मशीनवर बसायचं, उठून पुन्हा पुसायची. तो माझ्या हातचा भात खायचा नाही, आत्याबाईंच्या हातचा दोन घास खायचा, आणि मला त्याचाही राग यायचा. एकदा तिसऱ्यांदा पुसताना मी त्याला म्हटलं, “मर एकदाचा. तूही सुटशील, मीही सुटेन.” आत्याबाई आतून ऐकत होत्या. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याने असं म्हणू नये, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांनी कधी तिसऱ्यांदा फरशी पुसलेली नसते.

वैशाख लागला तसा तो आणखी खचला, आणि मी दिवसाआडचं सलाईन रोज केलं. डॉक्टरांना न विचारता. दुपारी बंद केलेलं सगळं पाणी मला परत भरायचं होतं. बाटली गरम करायला ठेवली की तो मशीनच्या पायट्यामागे जाऊन बसायचा. मी त्याला मागच्या पायांनी ओढून बाहेर काढायचे. तोंडाने “माझं सोनं, माझं सोनं” म्हणायचे आणि ओढायचे.

शेवटच्या खेपेला बदलापूरला तो बारवीचा म्हातारा पुन्हा भेटला. बैल बरा झाला होता, औषधाचं पाणी न्यायला आला होता. “कसा हाय तुजा फौजदार?” त्याने विचारलं. नाव लक्षात होतं त्याच्या. मी साडी बाजूला केली. त्याने बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. आपला नंबर आधी असून आम्हाला आत जा म्हणाला.

डॉक्टरांनी फौजदाराचा पुढचा पाय दाबून दाखवला. बोट रुतलं तिथे खळगा राहिला. “सलाईन आता अंग घेत नाही. नुसतं साठतंय, पुढे श्वासाला जड होईल. रोज देताय का?”

मी होकाराची मान हलवली.

“वहिनी, हे त्याच्यासाठी चाललंय की तुमच्यासाठी?”

ह्यांनी विचारलं, “मग आता काय?”

“युथनेशिया म्हणून असतं. एक इंजेक्शन, झोप लागते, त्यातच संपतं. वेदना होत नाहीत. नाहीतर घरी न्या, काही करू नका, पाणी पुढे ठेवा. किती दिवस ते मी सांगू शकत नाही. घरी विचार करा, फार धडपडला तर मी येऊन इंजेक्शन देईन.”

घरी आल्यावर इंजेक्शनचं आत्याबाईंना सांगितलं. त्या उठून बसल्या. “मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. ठावं हाय ना?” मला ठाऊक होतं. आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. सोन्याचं मला काही वाटलं नाही. पण एकदा त्याच्याविषयी मी न विचारता ठरवलं होतं, दुसऱ्यांदा ठरवायची ताकद माझ्यात नव्हती. इंजेक्शन देणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. मला जमलं नाही, इतकंच.

मी बाटली दांडीवरून काढली. घरातल्या सगळ्या वाट्या, झाकण्या, लोणच्याच्या बशा पाण्याने भरून कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. चालताना पाय लागून सांडायच्या. फौजदार दोन दिवस मशीनच्या पायट्यामागून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं असावं की बाटली आता नाही. तो आला आणि शिवताना माझ्या पावलावर मान टाकून पडला. मी सगळा दिवस एकाच पायाने मशीन चालवली.

आणखी चार दिवसांनी, भर दुपारी, त्याचा श्वास बदलला. तोंड उघडं, जीभ कोरडी, डोळे कुठेच बघत नव्हते. धडपड मात्र नव्हती. हे पहिल्या पाळीला गेले होते. मी कापसाची वात पाण्यात भिजवून त्याच्या ओठाला लावत होते आणि पाणी बाहेरच ओघळत होतं.

आत्याबाई खाटेवरून उठल्या. त्यांचे गुडघे गेलेले, देवघरापर्यंत भिंत धरून गेल्या. देवांच्या मागे तांब्याचा गडू होता, तोंड झाळून बंद केलेला. त्यांच्या थोरल्या दिरांनी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी. आमच्या घरात त्याला कुणी हात लावायचं नाही. तो आत्याबाईंच्या शेवटच्या घोटासाठी होता. दर दिवाळीला चिंचेने घासताना त्या तो कानाशी हलवून बघायच्या, पाणी आटलं नाही ना म्हणून.

“मशीनचा पेचकस दे,” त्या म्हणाल्या.

“आत्याबाई, अहो…”

“दे म्हनते ना.”

त्यांनी पेचकसाने झाळ उचकटली. हाताला लागलं, रक्त आलं, पण मला करू दिलं नाही. मग माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या, कशा बसल्या त्यांनाच माहीत. कठड्यावरच्या तुळशीचं पान मला आणायला लावलं. पान गडूत बुडवलं आणि फौजदाराच्या जिभेवर धरलं.

“पानी बंद कर म्हून मी सांगितलं व्हतं,” त्या त्याला म्हणाल्या. “आता मीच घालते बाबा. घे.”

त्याची जीभ हलली. मी पाहिली.

मला राहवलं नाही. “तुम्ही संध्याकाळचं सांगितलं होतं, आत्याबाई. दुपारचं मी बंद केलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवतील. त्यांनी पान माझ्या हातात दिलं. “मग तू पन घाल.”

मी घातलं. दोनदा घातलं. तिसऱ्यांदा पान नेलं तेव्हा तो गेलेला होता.

मग मला भान आलं. गडू आडवा झाला होता, उरलेलं पाणी फरशीवरून मोरीकडे चाललं होतं. “आत्याबाई, आता तुमचं?”

“मला नळाचं चालंल,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ह्यांनी त्याला नव्या कोऱ्या कापडात गुंडाळून चिखलोलीच्या एका बांधाला पुरलं. शेताचा मालक ओळखीचा होता, तोच खड्डा खणू लागला.

त्यानंतर तीन वर्षांनी आत्याबाईंना मेंदूत रक्ताची गाठ झाली. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात होत्या. पहिल्याच दिवशी सिस्टरने बजावलं, तोंडाने पाणी अजिबात द्यायचं नाही. पूर्वीची मी असते तर मान डोलावून बाटली पिशवीत टाकली असती. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, का नाही? त्यांनी सांगितलं, गिळायची ताकद गेली आहे, पाणी फुफ्फुसात जाईल. पटलं. तरी मी रोज विचारत राहिले, आज देऊ का, आज देऊ का. वॉर्डात माझं नाव ‘पानीवाली बाई’ पडलं होतं. पडू दे. तुम्हीही विचारा. लाज वाटली तरी विचारा. मला हे शिकवायला एका मांजराला मरावं लागलं, आणि त्या बदलापूरच्या डॉक्टरांना माझ्या तोंडावर खरं बोलावं लागलं.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आता द्या. आता काही हरकत नाही.” त्याचा अर्थ मला कळला.

नणंद कुणाकडून तरी गंगेच्या पाण्याचा नवा गडू घेऊन आली होती. मी तिला थांबवलं. ती चिडली, आईच्या शेवटाला तरी, म्हणाली. मी वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या नळावरून घरचं फुलपात्र भरून आणलं आणि आत्याबाईंना दाखवलं. बोलणं तर गेलंच होतं, पण डोळ्यांनी फुलपात्र ओळखलं.

मी चमच्याने दिलं. पहिला चमचा ओघळला. दुसरा गिळला. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं, आणखी हवं म्हणून.

दिलं. मागतील तितकं दिलं.